दहा दिवसांचा सरकारी दौरा : पूर्व पाकिस्तान, १९७१

पत्रकारितेच्या वर्गात युद्धकाळातल्या सरकारी प्रसिद्धीचा विषय निघाला की मुलं गोबेल्सपासून सुरुवात करतात. मी पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, कुमिल्लाच्या सर्किट हाउसपासून, तिथल्या सरकारी विश्रामगृहापासून करतो. १९७१च्या एप्रिलमध्ये तिथे सरकारी पाहुणा म्हणून एक पत्रकार उतरला होता. त्याला तिथे नेलं सरकारनंच, येण्याजाण्याची सोय सरकारची, बरोबर माणसंही सरकारची. दोन महिन्यांच्या आत त्याच पत्रकाराचा लेख लंडनला छापून आला आणि त्यानं पाकिस्तान सरकारच्या प्रसिद्धीचा पार बोऱ्या वाजवला.

ज्यांची नावं तेव्हाच जगजाहीर झाली, ती इथे तशीच ठेवली आहेत. दौऱ्यातले बाकीचे सात पत्रकार आणि लष्करातले अधिकारी यांना निनावीच ठेवलं आहे. त्यांच्या हुद्द्यांवरून आपलं काम भागतं.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत राष्ट्रीय सभेच्या ३०० जागांपैकी १६२ पूर्व पाकिस्तानच्या वाट्याच्या होत्या. त्यातल्या १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं जिंकल्या. देशात बहुमत मिळालं, पण ते पूर्वेकडच्यांना, आणि इस्लामाबादला ते पचेना. १ मार्च १९७१ला अध्यक्ष याह्या खान यांनी सभेची बैठक पुढे ढकलली. पूर्वेकडे असहकार सुरू झाला, मग ढाक्यात वाटाघाटींचं गुऱ्हाळ. त्या वाटाघाटींच्या बातम्या द्यायला जगभरचे पत्रकार ढाक्यात येऊन हॉटेल इंटरकॉन्टिनेंटलमध्ये उतरले होते.

२५ मार्चच्या संध्याकाळी याह्या गुपचूप विमानानं निघून गेले आणि रात्री लष्कर रस्त्यावर आलं. पत्रकारांना हॉटेलातच कोंडण्यात आलं. बाहेर पाऊल टाकलं तर गोळी घालू, असा सरळ हुकूम. पण खिडक्या कुणी बंद केल्या नव्हत्या. 'द पीपल' या दैनिकाची कचेरी त्या खिडक्यांतून दिसत होती. तिच्यावर झालेला गोळीबार आणि मग लागलेली आग या मंडळींनी वरून पाहिली.

२७ मार्चला ३५ परदेशी पत्रकारांना विमानात घालून देशाबाहेर काढलं. कराचीत त्यांच्या झडत्या झाल्या, वह्या आणि फिल्मचे रोल काढून घेतले. डोक्यात होतं ते मात्र कोण काढून घेणार? 'न्यूयॉर्क टाइम्स'चे सिडनी शॅनबर्ग यांनी मुंबई गाठली आणि आपल्या तारघरातून बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी ती न्यूयॉर्कला छापून आली.

दोघं तर विमानात चढलेच नव्हते. 'डेली टेलिग्राफ'चा २६ वर्षांचा सायमन ड्रिंग आणि एपी या अमेरिकन वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार मिशेल लोराँ हॉटेलातल्या बंगाली नोकरांच्या मदतीनं लपून राहिले. संचारबंदी थोडा वेळ उठली तेव्हा विद्यापीठाची वसतिगृहं आणि जुनं ढाका पाहून आले. ड्रिंगनं टिपणं मोज्यात लपवून बाहेर काढली आणि बँकॉकहून बातमी दिली. ३० मार्चला ती लंडनमध्ये छापून आली.

पेच

सरकार इथे पेचात कसं सापडलं, हे नीट समजून घ्यायला हवं. 'अत्याचार लपवायचे होते' एवढ्यावर विषय संपवला तर या प्रकरणातून काहीच हाती लागणार नाही.

पहिली अडचण अफवांची. परदेशी पत्रकार गेले म्हणून बातम्या थांबल्या नाहीत. सीमेपलीकडून, कलकत्त्याहून, जे ऐकू येईल ते छापलं जाऊ लागलं. लष्करी प्रशासक टिक्का खान यांना कुणीतरी ठार मारलं, ही बातमी भारतीय वर्तमानपत्रांनी मोठ्या अक्षरांत दिली. टिक्का खान ठणठणीत होते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांची ती लाज वाटावी अशी चूक होती, आणि पाकिस्तानच्या हाती तर आयतंच कोलीत. ढाक्यात पाचपंचवीस परदेशी वार्ताहर असते तर टिक्का खान यांना त्यांच्यापुढे चहा प्यायला बसवलं की भारतीय वर्तमानपत्रांचं तोंड बंद झालं असतं. पण चहाला बोलावणार कुणाला? त्यांना तर आठवड्यापूर्वीच विमानात बसवून दिलं होतं.

दुसरी अडचण बिहाऱ्यांची. मार्चमध्ये बिहारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उर्दूभाषक बिगरबंगाल्यांवर बंगाली जमावांनी हल्ले केले होते. माणसं मारली होती, घरं जाळली होती. हे खरं होतं आणि जगाला सांगण्यासारखंही होतं. पण पत्रकारांना हाकलून देणारं सरकार 'आधी त्यांनी मारलं' असं सांगायला लागलं की ऐकणारा भुवई उंचावतो. खरं बोलण्यासाठी लागते ती पत मार्चअखेरीसच संपली होती. २६ मार्चपासून देशातल्या वर्तमानपत्रांवर पूर्ण सेन्सॉरशिप होती, त्यामुळे कराची-लाहोरच्या वर्तमानपत्रांत काय छापून येतंय याला परदेशात कोणी हिंग लावून विचारत नव्हतं.

समोरचे पर्याय

एप्रिलच्या मध्याला माहिती मंत्रालयासमोर ढोबळमानानं तीन वाटा होत्या.

एक, दारं बंदच ठेवायची आणि रेडिओ व पत्रकांवर भागवायचं. याचा खर्च कमी, पण रोज कलकत्त्याहून येणाऱ्या बातम्यांना उत्तर म्हणून रावळपिंडीहून निघणारं सरकारी पत्रक. पत्रकात सगळं असतं, फक्त स्वतः पाहिलं असं म्हणणारा माणूस नसतो.

दोन, परदेशी वार्ताहरांना पुन्हा आत घ्यायचं, सेन्सॉरच्या कात्रीसह. दुसऱ्या महायुद्धात सगळ्यांनी हेच केलं होतं. याला किंमत होती. जे दिसेल त्यातलं निम्मं तरी बाहेर जाणार. लष्कराला ही किंमत नको होती, यात नवल नाही. खेड्यापाड्यांत कारवाई जोरात चालू होती.

तीन, आपलेच पत्रकार न्यायचे. ते पाकिस्तानी, त्यांच्या बायकामुलांचे पत्ते आपल्याकडे, आणि लिहिलेला मजकूर सेन्सॉरच्या टेबलावरून जाणारच. त्यांनी बिहाऱ्यांची उद्ध्वस्त घरं पाहायची, लष्करानं घडी पुन्हा कशी बसवली ते लिहायचं, आणि 'पाहिलंत, आमचे पत्रकार स्वतः जाऊन आले' असं परदेशात दाखवायचं.

तिसरी वाट निवडली. कागदावर ती सगळ्यांत बिनधोक दिसते. वर्गातली निम्मी मुलं दर वर्षी तीच निवडतात.

काय केलं

आठ पाकिस्तानी पत्रकारांना दहा दिवसांसाठी पूर्वेकडे नेलं. त्यांतले एक अँथनी मस्कारेन्हस, कराचीच्या 'मॉर्निंग न्यूज'चे सहायक संपादक. मूळ घराणं गोव्याचं, जन्म १९२८चा बेळगावातला, शिक्षण कराचीत. फाळणीपूर्वी मुंबई-गोव्याकडून कराचीला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची तिथे मोठी वसाहत होती, त्यातलेच हे. पाकिस्तानी नागरिक, माहितीतले, लष्कराच्या अधिकाऱ्यांशी सहज बोलणारे. मंत्रालयाच्या यादीत नाव यायला अडचण कसलीच नव्हती.

मंत्रालयाच्या हिशेबातून सुटलेली गोष्ट एकच. हे गृहस्थ लंडनच्या 'संडे टाइम्स'चेही वार्ताहर होते. ही काही लपवलेली बाब नव्हती. परदेशी पत्रकार म्हणजे परदेशी पासपोर्ट, एवढीच व्याख्या धरून यादी झाली असावी. पासपोर्ट आपला म्हणजे माणूस आपला. त्याची बातमी कुठे कुठे छापून येऊ शकते, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही.

मस्कारेन्हस कुमिल्लाला नवव्या डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांबरोबर राहिले आणि गस्तीवरही गेले. पळताना दिसला म्हणून पकडलेला अब्दुल बारी हा २४ वर्षांचा शिंपी त्यांच्या डोळ्यांसमोर मरता मरता वाचला. तो हिंदू नाही ना, हे त्याची लुंगी सोडायला लावून तपासण्यात आलं.

सर्किट हाउसमधला प्रसंग मी वर्गात सावकाश सांगतो. मार्शल लॉचं, म्हणजे लष्करी कायद्याचं काम बघणारा एक मेजर बसला आहे. पोलीस सब-इन्स्पेक्टर कोठडीतल्या कैद्यांची यादी घेऊन येतो. मेजर यादीवरून नजर फिरवतो आणि चार नावांवर पेन्सिलीनं खुणा करतो. या चौघांना संध्याकाळी निकाली काढायला आणा. पुन्हा यादी बघतो, पेन्सिल पुन्हा चालते. आणि हा चोर, यालाही घेऊन या. हे सगळं शहाळ्याच्या पाण्याचा पेला समोर असताना. त्या चौघांत दोन हिंदू, एक विद्यार्थी, एक अवामी लीगचा कार्यकर्ता. 'चोर' म्हणजे सेबॅस्टियन नावाचा पोरगा. एका हिंदू मित्राच्या घरातलं सामान आपल्या घरी हलवताना सापडला, हा त्याचा गुन्हा. सेबॅस्टियन! गोव्या-बेळगावात रस्त्यात हाक मारली तर चार जण वळून बघतील असं नाव. संध्याकाळी हे लोक एका दोरीला बांधून नेताना मस्कारेन्हस यांना दिसले. सहाची संचारबंदी लागल्यावर थोड्याच वेळात आवारातल्या साळुंक्या एकाएकी कलकलाट करू लागल्या. लाकडी दंडुके हाडामांसावर पडत होते, त्या आवाजानं.

मेजरनं हे पत्रकारासमोर का केलं? माझं मत असं, की त्याला लपवायचं काही आहे हेच पटलेलं नव्हतं. मंत्रालयाला दाखवायचं होतं 'सगळं सुरळीत आहे', तर मैदानातल्या अधिकाऱ्याला दाखवायचं होतं 'आम्ही काम किती चोख करतो'. या दोन गोष्टी एकाच दौऱ्यात एकाच माणसाला दाखवल्या गेल्या. पाहुणा आपला आहे म्हटल्यावर अधिकारी त्याच्यासमोर रात्री दिवसभराचे मारल्याचे आकडेही बोलत. गरज पडली तर २० लाख माणसं मारू आणि ३० वर्षं हा प्रांत वसाहतीसारखा ठेवू, हे वाक्यही मस्कारेन्हस यांनी असंच, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोललेलं ऐकलं.

दौरा संपला. सात जणांनी सांगितलं तसं लिहिलं. या सातांना मुलं पटकन भेकड म्हणून मोकळी होतात. मी तेवढं म्हणत नाही. सेन्सॉरपुढे ठेवायचा मजकूर, घरी बायकामुलं, आणि दुसरं वर्तमानपत्र नाही. आठव्याला दुसरं दार होतं, इतरांना नव्हतं.

आठवा घरी आला तो हादरून गेलेला. पाहिलं ते लिहिता आलं नाही तर यापुढे एक शब्दही लिहू शकणार नाही, असं त्यांनी पत्नीला सांगितलं. पाकिस्तानात राहून हे छापायचा प्रयत्न केला तर आपल्याला गोळी घालतील, याबद्दल त्यांना शंका नव्हती. लंडनला राहणारी बहीण ॲन आजारी असल्याचं निमित्त करून ते निघाले आणि मंगळवारी १८ मे रोजी 'संडे टाइम्स'च्या कचेरीत जाऊन उभे राहिले. संपादक हॅरल्ड इव्हान्स यांनी सगळं ऐकून घेतलं.

आता निर्णय इव्हान्स यांच्याकडे होता. हाती वर्षातली सगळ्यांत मोठी बातमी. लगेच, नाव न देता छापली तर दुसरं कुणी आधी छापण्याची भीती नाही, पण निनावी लेखाला वजन किती? नावानिशी छापायची तर पत्नी आणि पाच मुलं कराचीत. इव्हान्स थांबले. संशय येऊ नये म्हणून मस्कारेन्हस स्वतः पाकिस्तानात परतले. त्याआधी घरी तार गेली : ॲनचं ऑपरेशन यशस्वी झालं. ही ठरलेली खूण होती. तारवाल्यानं पहाटे ३ वाजता खिडकी वाजवली. माणशी एक सुटकेस घेऊन कुटुंब बाहेर पडलं. पाकिस्तानी नागरिकाला वर्षातून एकदाच परदेशी विमानप्रवासाची मुभा होती, आणि मस्कारेन्हस यांची ती वापरून झाली होती. ते जमिनीवरून सीमा ओलांडून अफगाणिस्तानात गेले आणि तिथून लंडनला. रविवारी १३ जून १९७१ला लेख छापून आला. मथळा एका शब्दाचा : वंशसंहार.

दरम्यान, मे महिन्यात, सरकारनं सहा परदेशी पत्रकारांचाही एक बंदोबस्तातला दौरा काढला होता. त्यातले एपीचे मॉर्ट रोझेनब्लम यांनी बँकॉकला पोहोचून सेन्सॉरशिवाय बातमी पाठवली. पोट इतकं भरलेलं की उडता येत नाही अशी गिधाडं नदीकाठी बसलेली त्यांनी पाहिली होती. दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत गिधाडं अर्थातच नव्हती.

परिणाम

पाकिस्तानात मस्कारेन्हस गद्दार ठरले. पण लेखावर 'हे शत्रूचं कारस्थान' असा शिक्का मारणं अवघड गेलं, कारण लिहिणाऱ्याला सरकारनंच हात धरून तिथे नेलं होतं. आणि दुसरं म्हणजे बिहाऱ्यांवरचे अत्याचार त्यानं झाकले नव्हते. सापडलेल्या बिगरबंगाली मृतदेहांचा आकडा २० हजारांच्या वर आहे आणि खरा याहून बराच मोठा असू शकेल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्यानंतर लष्करानं जे केलं ते ठरवून, पद्धतशीर आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर केलं, असं लेखाचं म्हणणं. म्हणजे मंत्रालयाला जी गोष्ट जगाला सांगायची होती, ती जगानं पहिल्यांदा विश्वासानं वाचली ती मंत्रालयाला बुडवणाऱ्या लेखात.

२१ जूनला पाकिस्तानला मदत देणाऱ्या देशांची पॅरिसमध्ये बैठक झाली आणि नव्या मदतीचं आश्वासन मिळालं नाही. हे एका लेखामुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. जागतिक बँकेचं पथकही तेव्हा पूर्व पाकिस्तानात फिरून आलं होतं. त्यातल्या एका सदस्याचा अहवाल फुटून १३ जुलैला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षावानं उद्ध्वस्त झालेल्या जर्मन शहराची उपमा त्यात पूर्व पाकिस्तानातल्या कुश्तिया शहराला दिली होती. पुढे इंदिरा गांधींनी इव्हान्स यांना सांगितलं, की त्या लेखानं आपण हादरलो आणि युरोपच्या राजधान्या व मॉस्कोत स्वतः जाऊन बोलायला लागलो, हस्तक्षेपाची जमीन तयार करण्यासाठी.

जूनमध्ये सरकारनं परदेशी पत्रकारांना पुन्हा येऊ दिलं. शॅनबर्ग परतले. फरीदपूरला हिंदूंच्या दुकानांवर पिवळ्या रंगात 'एच' हे अक्षर रंगवलेलं त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. ३० जूनला त्यांना पुन्हा हाकललं. दार उघडलं ते जेमतेम काही आठवडे, आणि बंद करताना पुन्हा बातमी झाली. ५ ऑगस्टला पाकिस्तान सरकारची श्वेतपत्रिका निघाली. मार्चमधल्या बंगाली हिंसाचाराचे त्यात रकानेच्या रकाने होते, २५ मार्चनंतर लष्करानं काय केलं याबद्दल मात्र मौन. परदेशात ती फारशी कुणी मनावर घेतली नाही.

भारतानं याच काळात काय केलं तेही पाहू. निर्वासितांच्या छावण्या पत्रकारांना आणि पाहुण्यांना मोकळ्या ठेवल्या. ऑगस्टमध्ये अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी तिथे चिखलातून फिरले. पाकिस्तानी लष्कराशी लढणाऱ्या बंगाली मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण कुठे देतात, ते मात्र कुणाला सहजी दाखवत नसत. म्हणजे आपलं सरकारही काही संत नव्हतं. जे दाखवलं ते खरं होतं आणि डोळ्यांनी दिसत होतं, एवढाच फरक. वर्षअखेर निर्वासितांचा आकडा १ कोटीच्या घरात गेला. एवढी माणसं सीमा ओलांडून येत असताना पलीकडे सगळं सुरळीत आहे, हे कुठलं मंत्रालय पटवून देणार?

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी हे कबूल करू, की कत्तल चालू असताना चांगली प्रसिद्धी कशी करावी हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. मेजरच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली असती तर कितीही हुशार माहिती अधिकारी काय करणार होता? तरीही निर्णयाच्या जागा तपासता येतात.

पहिली जागा २६ मार्चची. ३५ जणांना हॉटेलात कोंडून मग हाकलणं म्हणजे 'आम्ही लपवतोय' असं स्वतःच जाहीर करणं. वह्या जप्त केल्यानं बातमी एका दिवसानं लांबली आणि दुप्पट तिखट झाली.

दुसरी जागा आठ जणांच्या यादीची. वर्गात इथे वाद होतो. काही मुलं म्हणतात, मस्कारेन्हस यांना वगळायला हवं होतं. मला ते पटत नाही. त्यांना वगळलं असतं तर सेन्सॉर झालेले आठ लेख मिळाले असते, पण परदेशात त्यांची किंमत शून्यच राहिली असती. चूक यादीत नव्हती. दौऱ्याकडून जी अपेक्षा ठेवली तीच चुकली होती.

तिसरी जागा 'संडे टाइम्स'ची. १८ मे ते १३ जून म्हणजे २६ दिवस. या २६ दिवसांत पूर्व पाकिस्तानात माणसं मरतच होती. लवकर छापलं असतं तर काहींचा जीव वाचला असता का? सात जणांच्या कुटुंबाला वाचवण्यासाठी थांबणं योग्यच होतं असं मी मानतो. पण दर वर्षी एखादी मुलगी हात वर करून हा हिशेब मांडते, आणि मी तिला लगेच उत्तर देत नाही.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते, ती आकड्यांची. बांगलादेश सरकार मृतांचा आकडा ३० लाख सांगतं. पाकिस्ताननं युद्धानंतर नेमलेल्या हमूदुर रहमान चौकशी आयोगापुढे लष्करानं २६ हजार सांगितला. मधल्या दरीत अभ्यासक अजून भांडत आहेत. मार्चअखेरचे आणि एप्रिलचे ते पहिले आठवडे, जेव्हा गावोगाव जाऊन कुणी पाहायला आणि मोजायला हवं होतं, तेव्हा मोजणारे विमानात बसवून परत पाठवले होते. बिहाऱ्यांचे मेलेलेही त्यामुळेच नीट मोजले गेले नाहीत, ज्यांच्या नावानं हा सगळा दौरा आखला होता.

१४ डिसेंबर १९७१ला भारतीय विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला केला. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर डॉ. मलिक यांनी थरथरत्या हातानं बॉलपेनानं राजीनामा लिहिला. तेव्हा जवळ 'ऑब्झर्व्हर'चे गॅव्हिन यंग होते, परदेशी वार्ताहर. राजीनामा देऊन डॉ. मलिक आसऱ्याला गेले ते रेडक्रॉसच्या ताब्यातल्या तटस्थ जागेत, हॉटेल इंटरकॉन्टिनेंटलमध्ये.